कुलपातून निघालेलं रॉकेट

ठाण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलात की मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग अशी स्टेशनं जातात आणि मग विक्रोळी येतं. (गर्दीची वेळ असेल तर उतरण्याची तयारी भांडुपपासूनच सुरू करावी.) स्टेशनजवळच, झाडीत दडलेली, कारखान्यांची एक अख्खी वसाहत आहे.

१४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोटाहून चांद्रयान-३ घेऊन जे रॉकेट उडालं, त्याच्या मधल्या टप्प्यात दोन 'विकास' इंजिनं होती. या इंजिनाची रचना इस्रोची. पण धातू कापून, वाकवून, जोडून ते प्रत्यक्ष घडवणारे कारखाने देशात अगदी मोजके आहेत, आणि त्यातला एक या झाडीत आहे. कोणाचा? गोदरेजचा. हो, तेच गोदरेज, ज्यांचं नाव तुमच्या आजीच्या कपाटावर आहे!

आता तुम्ही विचाराल, कपाटवाल्यांना रॉकेट कुठून जमलं? एकदम नाही जमलं. मध्ये शंभरेक वर्षं गेली. आणि सुरुवात तर कपाटानेही झाली नाही. सुरुवात झाली एका वकिलापासून, ज्यांना वकिली जमली नाही.

त्यांचं नाव अर्देशीर गोदरेज. जन्म १८६८ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. वकील झाले आणि १८९४ मध्ये एका खटल्यासाठी थेट आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर पोचले. तिथे पेच पडला. अशिलाच्या बाजूने जे बोलायचं होतं ते खरं आहे, याची अर्देशीरना खात्री वाटेना. खात्री नाही तर बोलणार नाही, असं म्हणून त्यांनी खटला सोडला, पाठोपाठ वकिलीही सोडली आणि मुंबईची बोट पकडली.

घरी आल्यावर त्यांनी एका औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून काम धरलं. डॉक्टरांची हत्यारं, म्हणजे चिमटे, कात्र्या, शस्त्रक्रियेच्या सुऱ्या, तेव्हा विलायतेहून यायची. ती इथेच बनवली तर? मेरवानजी कामा नावाच्या सद्गृहस्थांनी ३००० रुपये उसने दिले. हत्यारं झकास बनली. घेणारा व्यापारीही खूश झाला. पण त्याची एक अट होती: हत्यारांवर 'हिंदुस्थानात बनवलेलं' असं कोरायचं नाही, कारण मग ती कोणी घेणार नाही. अर्देशीर म्हणाले, कोरणारच. व्यापारी हटेना, हेही हटेनात. धंदा बंद!

म्हणजे तिशी यायच्या आत दोन व्यवसाय बुडाले. दोन्ही वेळा हटवादीपणापायी. मला विचाराल तर हा हटवादीपणाच पुढे या कारखान्याच्या कामी आला, कारण कुलपाच्या धंद्यात 'चालतंय की' म्हणणारा माणूस उपयोगाचा नसतो. ते कसं, तेही सांगते.

मुंबईत घरफोड्या फार वाढल्या आहेत, अशी एक बातमी अर्देशीरनी वर्तमानपत्रात वाचली. पुन्हा ते कामांकडे गेले. कामांनी पुन्हा पैसे दिले. १८९७ साली लालबागमध्ये २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये, म्हणजे जेमतेम १५ फूट लांब आणि १४ फूट रुंद जागेत, मूठभर कारागिरांनिशी कुलपांचा कारखाना सुरू झाला. कंपनीचं नाव 'गोदरेज अँड बॉइस'. यातले बॉइस कोणी गोरे साहेब नव्हेत बरं का! ते कामांच्या नात्यातले पारशीच. थोडे दिवस भागीदार राहिले आणि निघून गेले. नाव मात्र अजून पाटीवर आहे.

आता कुलपाच्या पोटात शिरू या.

घरात जुनं, जड कुलूप असेल तर त्याच्यावर '६ लिव्हर' किंवा '७ लिव्हर' असं कोरलेलं सापडेल. लिव्हर म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या. आत एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येक पट्टीत एक खाच असते. कुलपाचा अडसर सरकायचा तर सगळ्या पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत याव्या लागतात. प्रार्थनेच्या रांगेत एकच मुलगा पुढे आला तरी सरांची शिट्टी वाजते ना, तसंच इथे एक पट्टी जरा वर किंवा जरा खाली राहिली की अडसर जागचा हलत नाही. किल्लीचे दाते कमीजास्त उंचीचे असतात ते यासाठीच. प्रत्येक दाता आपापली पट्टी हवी तेवढीच उचलतो. कमी नाही, जास्त नाही.

थोडं गणित करा. समजा एका पट्टीला उंचीच्या ५ जागा आहेत आणि पट्ट्या आहेत ६. किती वेगवेगळ्या किल्ल्या होतील? ५ हा आकडा सहा वेळा मांडून गुणा: १५,६२५. सातवी पट्टी घातली की ७८,१२५. चोराने हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन यायचं म्हटलं तर बैलगाडीच लागेल.

पण हे गणित कागदावरचं. धातूच्या पट्टीत चूक राहिली, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जरी, म्हणजे तुमच्या वहीच्या एका पानाच्या जाडीएवढी, तर गंमत होते. एक तर आपलीच किल्ली लागत नाही, नाही तर शेजाऱ्याची लागते! म्हणून अर्देशीर हटून बसायचे. पट्टी अचूकच हवी. त्या काळच्या कुलपांत पट्ट्या खाली दाबून ठेवायला बारीक स्प्रिंग असायच्या. स्प्रिंग गंजते, थकते, तुटते; आणि तुटली की किल्ली असूनही मालक दाराबाहेर. अर्देशीरनी बिनस्प्रिंगचं कुलूप शोधलं आणि त्याचं पेटंटही घेतलं.

कुलपानंतर चारपाच वर्षांतच, १९०२ मध्ये, पहिली तिजोरी बाहेर पडली. सरळ आहे, कुलूप पक्कं आणि पेटी कच्ची असेल तर चोर पेटीच फोडेल. पण तिजोरीला चोरापेक्षा मोठा शत्रू असतो. आग! जाड पोलाद जळत नाही खरं, पण ते तापतं, आणि आतल्या नोटांचा आणि कागदांचा कोळसा होतो.

यावरची युक्ती तुमच्या घरातल्या डब्यात आहे. तुरटी. आजीला विचारा, ती तुरटीची लाही करायची का? तव्यावर तुरटीचा खडा तापवला की तो आधी विरघळतो, रटरट उकळतो आणि मग पांढरा, हलका, फुललेला होतो. (करून बघायचं असेल तर मोठ्या माणसाला जवळ उभं करूनच.) उकळलं ते काय? पाणी! कोरड्या दिसणाऱ्या तुरटीच्या वजनात जवळजवळ ४५ टक्के पाणी असतं, स्फटिकात अडकून बसलेलं. आगरोधक तिजोरीला दोन भिंती करून मधल्या पोकळीत असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ भरायची जुनी रीत आहे. आग लागली की भिंतीतलं पाणी वाफ होऊ लागतं. वाफ व्हायला खूप उष्णता लागते, ती बाहेरच्या बाहेर खर्च होते. जोवर भिंतीत पाणी शिल्लक आहे, तोवर आतलं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. कागद काळा पडायला त्यापेक्षा बरीच जास्त उष्णता लागते.

तिजोरीची खरी परीक्षा कोणी ठरवून घेतली नव्हती. १४ एप्रिल १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात काय काय भरलं होतं ऐका: सुमारे १४०० टन स्फोटकं, दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. स्फोटकं आणि कापूस एकाच जहाजात! कापूस पेटला. दुपारभर बंबवाले पाणी मारत राहिले आणि चारच्या सुमारास जहाज उडालं. थोड्या वेळाने दुसरा स्फोट. हादरा इतका जबरदस्त की दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. गोदीजवळच्या वस्त्या आणि वखारी कित्येक दिवस जळत होत्या. शेकडो माणसं गेली. त्यात आग विझवताना गेलेले बंबवालेही होते, आणि म्हणूनच १४ एप्रिल हा आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. सोन्याच्या विटा तर पुढे कित्येक वर्षं गोदीच्या गाळात सापडत होत्या.

राख निवल्यावर लोक आपापल्या जळक्या पेढ्यांत परतले. ढिगाऱ्यांत गोदरेजच्या तिजोऱ्या उभ्या होत्या. उघडल्या, तर आतले कागद शाबूत! कंपनीने हे पुढे वर्षानुवर्षं अभिमानाने सांगितलं. सांगणारच.

आता एक वेगळीच वस्तू. साबण.

कुलूप, तिजोरी आणि साबण? मला हे प्रकरण नेहमी पाहुण्यासारखं वाटत आलं आहे. पोलाद कापणाऱ्या माणसाने तेलात हात का घालावा? कारण पुन्हा तेच: अर्देशीरचा हट्ट. त्या काळी अंगाच्या साबणात जनावरांची चरबी वापरत. आपल्याकडे कितीतरी लोकांना ती चालत नसे. मग ते धुणार कशाने? रसायनशास्त्र असं आहे: तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. चरबीचा रेणू आणि खोबरेलाचा रेणू यांची मूळ बांधणी सारखीच असते, त्यामुळे तेलापासूनही साबण होतोच. अडचण वेगळीच होती. बऱ्याच तेलांचा साबण मऊ, गिजगिजीत होतो, वडी धरत नाही. नेमकं मिश्रण जमवावं लागतं. अर्देशीरनी ते जमवलं. १९१९ च्या सुमारास निव्वळ वनस्पतीच्या तेलाचा साबण बाजारात आला, नाव 'चावी'! मग अंगाला लावायचा साबण आला, त्याचं नाव 'नंबर २'. आणि 'नंबर १' त्याच्यानंतर. आधी दोन, मग एक! कारण असं सांगतात की 'दोन नंबर एवढा चांगला, तर एक नंबर किती चांगला असेल' असं गिऱ्हाइकाला वाटावं. रवींद्रनाथ टागोरांनी या साबणाच्या जाहिरातीसाठी चार कौतुकाचे शब्द लिहून दिले होते.

तेव्हा स्वदेशीचं वारं होतं. लोकमान्य टिळकांच्या नावाने जो स्वराज्य फंड उभा राहिला, त्याला १९२१ मध्ये अर्देशीरनी ३ लाख रुपये दिले. तेव्हाचे ३ लाख! तरीही नुसतं स्वदेशी आहे म्हणून वाईट वस्तू घ्या, हे त्यांना पटत नसे. स्वदेशी आहे आणि चांगलीही आहे, असं हवं.

अर्देशीरना नवनवे शोध लावायची हौस, तर धाकटे भाऊ पिरोजशा यांना कारखाना वाढवायची. १९२३ पासून पोलादी कपाटं बनू लागली. १९२८ मध्ये अर्देशीरनी कारभार पिरोजशांकडे सोपवला आणि नाशिकला जाऊन शेतीत रमले. १९३६ मध्ये ते वारले. पिरोजशांनी १९४३ मध्ये विक्रोळीची जमीन घेतली. शेजारी ठाण्याची खाडी, खारफुटीचं जंगल, भरपूर डास. लोकांना वाटलं, एवढ्या लांब कोण येणार? पण नवा कारखाना तिथे उभा राहिला आणि लगेचच त्याला असं काम मिळालं की सांगायची सोय नाही.

स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक! २५ ऑक्टोबर १९५१ पासून फेब्रुवारी १९५२ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने चालली. मतदार सुमारे १७ कोटी. त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. तेव्हा देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. मग उमेदवाराचं नाव छापून काय उपयोग? तोडगा असा निघाला: प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवायचं, आणि आपल्या आवडत्या पेटीत चिठ्ठी टाकायची. झालं, एकेका मतदान केंद्रावर जितके उमेदवार तितक्या पेट्या! देशभर मिळून लाखो पेट्या लागणार होत्या.

त्यातल्या १२ लाखांहून अधिक पेट्या विक्रोळीत बनल्या, तेही अवघ्या काही महिन्यांत. दिवसाला हजारो! किंमत ठरली होती, पेटीमागे साधारण ५ रुपये. आता गंमत बघा. कुलपांचा एवढा मोठा कारखाना, पण ५ रुपयांत पेटीला बाहेरून कुलूप लावणं परवडेना. मग कारखान्यातल्याच एका कारागिराने डोकं चालवलं. कुलूप बाहेर कशाला? पेटीच्या आतच खटका बसवू. झाकण बंद करून खटका बसला की बाहेरून धरायला काहीच नाही. ना कडी, ना कोयंडा.

आणि लाखो पेट्या हुबेहूब सारख्या कशा? हाताने पत्रा कापून हे होत नाही. त्यासाठी पोलादाचा साचा, म्हणजे डाय, करायची, ती प्रेसमध्ये बसवायची आणि पत्रा खाली सरकवायचा. धाडकन एक ठोका, एक तुकडा. पुन्हा ठोका, पुन्हा तस्साच तुकडा. सगळी कारागिरी डाय करण्यात असते. डाय जिथे बनते त्या जागेला कारखान्यात टूल रूम म्हणतात. कुलपं, तिजोऱ्या आणि कपाटं करता करता गोदरेजची टूल रूम तयार झाली होती. पेट्या वेळेवर झाल्या त्या तिच्यामुळे. माझ्या मते अशा कंपनीची खरी तिजोरी टूल रूमच असते. कुठली वस्तू विकली जाते, हे वर्षागणिक बदलतं. अचूक डाय करणारे हात टिकले तर उद्या वेगळी वस्तू करता येते.

ती वेगळी वस्तू १९५५ मध्येच आली. टाइपरायटर. तुमच्यातल्या कितीजणांनी पाहिला आहे? कुठल्याशा कचेरीबाहेर एखादे काका अजून खटखट करताना दिसतील. बटण दाबलं की एक दांडी उडते, शाईच्या फितीवर आपटते आणि कागदावर अक्षर उमटतं. त्याच ठोक्याला कागदाचा गाडा बरोबर एक घर डावीकडे सरकतो. आत शेकडो बारीक भाग, आणि सगळे एकमेकांच्या तालावर. परदेशी मदतीशिवाय असं यंत्र बनवणं मोठीच गोष्ट होती. पंडित नेहरूंनीही त्याची वाखाणणी केली.

मराठी टाइपरायटर तर आणखी अवघड! इंग्रजीत एका अक्षराशेजारी दुसरं अक्षर आलं की झालं. आपल्याकडे मात्रा वर, उकार खाली, शिवाय जोडाक्षरं. इतकी बटणं ठेवणार कुठे? युक्ती अशी की उकारासारख्या काही बटणांना गाडा सरकवूच द्यायचा नाही. उकार दाबा, गाडा जागेवरच राहतो. मग अक्षर दाबा, ते बरोबर उकाराच्या डोक्यावर उमटतं! आणि 'ग' हवा असेल तर आधी अर्धा 'ग्' आणि मग काना मारायचा. म्हणजे एकच काना कितीतरी अक्षरांना पुरतो. कचेऱ्यांतले हजारो अर्ज, दाखले आणि हुकूम या युक्तीवर निघाले. पुढे संगणक आला आणि २००९ मध्ये गोदरेजने टाइपरायटर बनवणं थांबवलं.

फ्रिज आला १९५८ मध्ये, जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या मदतीने. त्याबद्दल फार सांगत नाही, कारण बाहेरून बघाल तर ते कपाटच आहे. फक्त आतली उष्णता उचलून बाहेर टाकणारं यंत्र त्याला जोडलेलं. पण 'छोटूकूल' नावाचा एक फ्रिज त्यांनी बराच नंतर काढला, तो मला आवडतो. वजन आठेक किलो, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. त्याची जुळवाजुळव करताना उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागातल्या बायकांना बोलावून विचारलं होतं, तुम्हाला फ्रिज कसा हवा? त्याच्यात कॉम्प्रेसर नव्हताच. दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडातून वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हे पेल्टिए नावाच्या फ्रेंच माणसाने १८३४ मध्ये पाहिलं होतं. तेच वापरलं. बाजारात तो फार चालला नाही, पण कल्पना झकास होती.

आणि रॉकेट? १९८० च्या दशकात गोदरेज इस्रोसाठी काम करू लागलं. विकास इंजिनात दोन द्रव एकत्र येतात. काडी लावायची गरज नाही. एकमेकांना नुसते भेटले की पेट घेतात. आतल्या वायूचं तापमान ३००० अंशांच्या आसपास जातं, पोलाद वितळवून टाकील इतकं. एक इंजिन सुमारे ८० टन वजन उचलेल इतक्या जोराने ढकलतं. अशा इंजिनातला एखादा जोड जरा कच्चा राहिला तर? म्हणून इथे धाडकन ठोका मारून हजार तुकडे काढायचं काम नाही. एकेक भाग मोजायचा, एकेक जोड वेल्डिंग करून तपासायचा, पुन्हा मोजायचा. लालबागच्या शेडमध्ये लिव्हरची पट्टी वहीच्या पानाएवढीही चुकू न देण्याची जी सवय लागली होती, तिचंच हे पुढचं काम. चांद्रयान-१, मंगळयान आणि चांद्रयान-३ या तिन्ही मोहिमांत या कारखान्यात घडलेले भाग होते.

आता शेवटची बातमी. २०२४ मध्ये, म्हणजे कारखाना सुरू होऊन १२७ वर्षं झाल्यावर, गोदरेज कुटुंबाने आपापसात सामंजस्याने वाटणी केली. कुलपं, तिजोऱ्या, कपाटं, फ्रिज आणि इंजिनं एकीकडे राहिली. साबण दुसरीकडे गेला.